परक्या पेटीतला आवाज

लहान मूल नवी वस्तू पाहिली की विचारते, "हे कशाला असते?" मोठी माणसे ताबडतोब उत्तर देतात: अडकित्ता सुपारीला, रवी ताकाला, पाट बसायला. या उत्तराबरोबर आपण नकळत एक तत्त्वज्ञानही मुलाच्या हाती देतो. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी असते, आणि ज्यासाठी ती असते तेच तिचे खरे रूप, असे ते तत्त्वज्ञान. गंमत अशी, की ज्या घरात हे शिकवले जाते त्याच घरात जुन्या लुगड्याची वाकळ होते, तेलाच्या रिकाम्या डब्यात तुळस रुजते आणि रोज चटणी वाटणारा वरवंटा बारशाच्या दिवशी अंगडे-टोपडे घालून गोप्या होतो. संसाराला हे सारे चालते. कोणी त्यावर वाद घालत नाही. वाद सुरू होतो तो आवाजाचा संबंध आला म्हणजे.

ज्या उदाहरणावरून हा प्रश्न विचार करण्याजोगा वाटतो, ते थोडे आडबाजूचे आहे: विजेची गिटार, आणि ती की-बोर्डसाठी बनवलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून वाजवणे. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे दृश्य नवे वाटणार नाही. पेटी एकच, तिच्या एका जॅकमध्ये की-बोर्डची वायर, दुसऱ्यात गिटारची, तिसऱ्यात कधी निवेदकाचा माइकसुद्धा. तिथे ती गरज असते. पण पश्चिमेकडे असेही वादक आहेत, की जे गिटारचा उत्तम ॲम्प्लिफायर घरात असताना सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातली की-बोर्डची पेटी शोधून आणतात आणि हौसेने तिच्यातून गिटार वाजवतात. त्यांचे सोबती म्हणतात, "ही पेटी गिटारसाठी नाही." ते म्हणतात, "मग काय झाले?" या "मग काय झाले"मध्ये तथ्य किती आणि उद्धटपणा किती, ते तपासून पाहावेसे वाटते.

त्यासाठी आधी या दोन पेट्यांत फरक काय, ते समजून घेतले पाहिजे. साध्या गिटारला पोकळ पोट असते आणि तेच तिचा आवाज वाढवते. विजेच्या गिटारला बहुधा असे पोट नसते. भरीव लाकडावर तारा ताणलेल्या, आणि त्यांच्याखाली लोहचुंबकाभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेला पिकअप. तार थरथरली की त्या वेटोळ्यात क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतो. असे वाद्य अमेरिकेत १९३२ साली रिकनबॅकर यांच्या कारखान्यातून बाजारात आले, आणि तेही मांडीवर आडवे ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारच्या रूपात. वीज नसताना ही गिटार छेडली, तर शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नाही. म्हणजे हे वाद्य अर्धेच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग ॲम्प्लिफायर.

गिटारचा ॲम्प्लिफायर हा प्रामाणिक निरोप्या कधीच नव्हता. त्याचे दहा-बारा इंची स्पीकर पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर येऊ देत नाहीत. त्याचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असत तसेच, जास्त आवाज मागितला की आवाज हलकेच दाबतात, त्याला खरखरीत उब देतात. तज्ज्ञांच्या दृष्टीने हा दोष. वादकांच्या कानाला मात्र तोच गोड लागला आणि पुढे तोच गिटारचा आवाज म्हणून ओळखला जाऊ लागला. की-बोर्डच्या पेटीचे काम अगदी उलटे. पियानोचा सर्वांत खालचा स्वर साडेसत्तावीस हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सुमारे चार हजार एकशे शहाऐंशीचा. त्यावर पुन्हा त्या स्वरांचे उपस्वर. हा सारा पट्टा जसाच्या तसा ऐकू यावा म्हणून तिच्यात बहुधा पंधरा इंचांचा मोठा स्पीकर, उंच स्वरांसाठी छोटा वेगळा कर्णा आणि भरपूर राखीव ताकद असते. तिने आपल्या पदरचे काही घालायचे नाही, हाच तिचा गुण.

हा स्वच्छपणा नुसत्या आवडीतून आलेला नाही. ॲम्प्लिफायर अतिभाराने वाकू लागला की त्यातून जाणारे दोन स्वर एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर जन्माला येतात. एकशेदहा आणि एकशेपासष्ट हर्ट्झचे स्वर, म्हणजे षड्ज-पंचम, एकत्र गेले तर वजाबाकी पंचावन्न येते. तो खालच्या सप्तकातला षड्जच, म्हणून कानाला भरल्यासारखे वाटते. खडखडीत आवाजात वाजवणारे गिटारवादक दोन-तीन तारांवर षड्ज-पंचमाची जोडी धरून बसतात, त्याचे कारण हे. पण दहा बोटांनी दहा स्वर दाबणाऱ्याच्या बाबतीत अशा बेरजा-वजाबाक्यांची जत्रा भरेल आणि एकही स्वर आपल्या पायावर उभा राहणार नाही. म्हणून की-बोर्डची पेटी जन्मतःच संयमी असावी लागते.

आता या संयमी पेटीला गिटार जोडली की काय होते? वादकाला प्रथम वाटते, की आपली गिटार उघडी पडली. बोटाच्या घासण्याचा आवाज, अर्धवट दाबलेली तार, तालात केसभर मागे पडलेला आघात, हे सगळे ऐकू येते. गिटारचा ॲम्प्लिफायर जे पदराखाली घेत होता, ते ही पेटी अंगणात आणून ठेवते. काहींना हा कोरडेपणा असह्य होतो. काहींना, विशेषतः जॅझसारखे स्वरसमूहांचे संगीत वाजवणाऱ्यांना, यातच मोकळे वाटते, कारण इथे चार-पाच तारांचा समूह गढूळ होत नाही. आणखी एक अडचण असते. पिकअपचा प्रवाह फार दुबळा; समोरच्याने त्याच्याकडून फारसे काही ओढून घ्यायचे नसते. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा रोध म्हणूनच दहा लाख ओहमच्या घरात ठेवलेला असतो. की-बोर्डचा प्रवाह मुळातच सशक्त, त्यामुळे त्याच्या पेटीत पुष्कळदा हा रोध कितीतरी कमी असतो. दुबळा प्रवाह तिथे गेला की त्यातले उंच, चमकदार स्वर आधी मरतात. जाणकार वादक मध्ये एक छोटी डबी बसवून यातून मार्ग काढतो. अजाण वादक पेटीला नावे ठेवतो.

इथे वादाला तोंड फुटते. एक पक्ष म्हणतो, ज्याचे त्याने करावे. ॲरिस्टॉटलने कुऱ्हाडीचे कुऱ्हाडपण कापण्यात पाहिले. आपल्याकडे स्वधर्माचा विचार घराघरांत मुरलेला आहे. या पक्षाला वाटते की बनवणाऱ्याने ज्या हेतूने वस्तू घडवली, तो हेतू हीच तिची मर्यादा. ती ओलांडणे म्हणजे वस्तूचा आणि कारागिराचाही अपमान. दुसरा पक्ष म्हणतो, वस्तू एकदा आपल्या हाती आली की आपण ठरवू ते तिचे प्रयोजन. कारागीर आपले काम करून गेला.

इतिहास पहिल्या पक्षाची बाजू घेत नाही, हे आधीच सांगून टाकावे. लिओ फेंडर यांनी १९५२ साली "बेसमन" नावाचा ॲम्प्लिफायर काढला, तो नावाप्रमाणेच बेस गिटारसाठी. त्यांची बेस गिटार आदल्याच वर्षी आलेली होती. पण तो उचलला साध्या गिटारवाल्यांनी. पुढे १९६२ साली लंडनमधले ड्रमवादक आणि दुकानदार जिम मार्शल आणि त्यांचे सहकारी यांनी याच बेसमनची मांडणी समोर ठेवून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला, आणि रॉक संगीतातल्या गिटारचा जो आवाज जगभर पोचला त्याचा मोठा हिस्सा त्या घराण्यातला आहे. म्हणजे आज ज्याला लोक गिटारचा "खास आपला" आवाज म्हणतात, त्याचे मूळ दुसऱ्या वाद्यासाठी केलेल्या पेटीत आहे.

याहून बोलके उदाहरण हॅमंड आणि लेस्ली यांचे. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली विजेचा ऑर्गन आणला. मोठे नळ्यांचे ऑर्गन ज्यांना परवडत नव्हते अशा चर्चना तो उपयोगी पडावा ही अपेक्षा होती. डॉन लेस्ली यांना त्याचा आवाज सपाट वाटला. नळ्यांच्या ऑर्गनमध्ये स्वर वेगवेगळ्या जागांहून येतात, मग इथे स्पीकरसमोर कर्णा फिरता ठेवला तर, असा विचार करून त्यांनी एक पेटी बनवली आणि १९४१ च्या सुमारास ती विकू लागले. हॅमंड यांना ती पसंत पडली नाही. त्यांच्या कंपनीने ती स्वीकारली नाही. पण वादकांनी ठरवले ते ठरवले. आज हॅमंड ऑर्गन म्हटले की लेस्लीच्या पेटीतला लहरत येणारा आवाजच लोकांच्या कानात येतो. पुढे या पेटीनेही उंबरा ओलांडला. १९६६ साली बीटल्सनी एका गाण्यासाठी जॉन लेननचा गळा तिच्यातून फिरवला. मग गिटारही तिच्यातून वाजू लागली, आणि १९६७ मध्ये फेंडर कंपनीने गिटारवाल्यांसाठी तशीच फिरती पेटी बाजारात आणली. हॅमंड १९७३ साली वारले. १९८० साली त्यांच्या नावाच्या कंपनीने लेस्लीचा उद्योग विकत घेतला.

ही गोष्ट हॅमंड यांच्या फजितीची म्हणून सांगण्याचा मोह होतो, पण ते न्याय्य होणार नाही. स्वतःच्या वाद्याचा आवाज कसा असावा याबद्दल त्यांना मत होते आणि ते असायलाच हवे होते. ते मत नसते तर वाद्यच झाले नसते. प्रश्न एवढाच, की ते मत इतरांवर बंधनकारक किती.

आपल्या घराजवळची साक्ष काढायची तर हार्मोनियमची काढावी. पॅरिसच्या अलेक्झांडर दबें यांनी १८४२ साली या वाद्याचे पेटंट घेतले. युरोपातल्या चर्चची आणि दिवाणखान्यांची ती पेटी मिशनऱ्यांबरोबर इकडे आली. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताचा भाता बसवला आणि मांडी घालून वाजवता येईल अशी केली. तिचाच पायाने भाता मारायचा भाऊबंद, ऑर्गन, संगीत नाटकाच्या पुढ्यात येऊन बसला आणि त्याच्याशिवाय नाटकाची नांदी सुनी वाटू लागली. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, बेळगावचे रामभाऊ विजापुरे यांच्या बोटांखाली ही पेटी काय बोलली, ते सीमाभागातल्या जुन्या रसिकांना सांगायला नको. तरीही आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर ठेवले, आणि ते दार १९७१ पर्यंत उघडले नाही.

बंदी घालणाऱ्यांचे म्हणणे निराधार नव्हते. पेटीला मींड नाही. दोन पट्ट्यांमधल्या जागेत जे रागसंगीत नांदते, तिथे तिला पाऊल टाकता येत नाही. ही उणीव आजही आहे. पण थोर वादकांनी ती नाकारली नाही. त्यांनी भात्याचा दाब, बोट उचलण्याची वेळ, कणस्वराचा स्पर्श यांतून कानाला मींडेचा भास होईल असे वादन घडवले. पेटीची मर्यादा ओळखून त्यांनी हात बदलला. पेटीने आपले ऐकावे असे म्हणण्याआधी त्यांनी पेटीचे ऐकून घेतले.

मग असे वाटू लागते, की पहिल्या पक्षाचा मूळ आग्रहच तपासायला हवा. त्याला भीती आहे ती शुद्धता जाण्याची. वेदान्तात स्फटिकाचा दृष्टान्त येतो. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, पण लाली जास्वंदीची. फूल बाजूला केले की स्फटिक जसा होता तसा शुभ्र. विजेच्या गिटारबाबत हा दृष्टान्त अडखळतो. इथे ॲम्प्लिफायरचे फूल दूर केले, तर मागे शुभ्र स्फटिक उरत नाही. उरते ती लाकडावरची पुटपुट. तिला बोलायचेच असेल तर कुठल्या तरी पेटीतून बोलावे लागते, आणि प्रत्येक पेटी आपला रंग देते. की-बोर्डची स्वच्छ पेटीही त्याला अपवाद नाही; आपण स्वच्छ म्हणतो तोसुद्धा एक रंगच. तेव्हा "हा गिटारचा खरा आवाज नाही" या तक्रारीचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो, की हा आमच्या सवयीचा आवाज नाही.

एवढे म्हटल्यावर दुसरा पक्ष खूश होईल. पण त्यालाही सोडून चालणार नाही. "मग काय झाले?" म्हणणाऱ्याला विचारले पाहिजे, की झाले तर काय काय होते ते तुला माहीत आहे का? छोट्या गिटार-ॲम्प्लिफायरमधून बेस गिटार जोरात वाजवली तर स्पीकरचा कागदी शंकू फाटू शकतो. ट्रान्झिस्टरच्या पेटीला व्हॉल्व्हसारखे हलके वाकणे बहुधा जमत नाही. तिची ताकद संपली की आवाज कडा मोडल्यासारखा तुटतो. ऑर्केस्ट्रातल्या सामाईक पेटीत गिटारवाल्याने बटण पुरते फिरवले, तर की-बोर्डवाल्याचे स्वर त्याच्या स्वरांत कालवले जातात आणि दोघांपैकी कोणाचाही नसलेला गोंगाट प्रेक्षकांत जातो. इंग्लंडच्या किंक्स या बँडमधल्या डेव्ह डेव्हिसने १९६४ च्या सुमारास आपल्या स्पीकरचा शंकू दाढीच्या पात्याने चिरला आणि त्यातून एक नवा, फाटका आवाज मिळवला. स्पीकर त्याचा होता, धोका त्याचा होता. हेच त्याने दुसऱ्याच्या पेटीबाबत केले असते, तर आवाज तोच मिळाला असता, पण कृत्याचे नाव बदलले असते.

म्हणून मला या वादातून असे दिसते: बनवणाऱ्याचा हेतू ही माहिती आहे, आज्ञा नव्हे. वस्तू कशी वागेल, कुठवर साथ देईल, कुठे मोडेल, हे तो हेतू आपल्याला सांगतो. तिने काय व्हावे, हे तो सांगू शकत नाही. मात्र जो माणूस तो हेतू बाजूला सारतो, त्याच्यावर बनवणाऱ्याची जबाबदारी येऊन पडते. सांगितल्याप्रमाणे वापरताना बिघाड झाला तर दोष कारागिराचा. न सांगितलेल्या वाटेने नेताना झाला तर तो आपला. स्वातंत्र्य घेणारे पुष्कळ असतात. त्याबरोबर येणारे हे ओझे उचलणारे थोडे.

या विचाराला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. पेटीचे काय, ती लाकडाची आणि तारांची. पण "जे ज्यासाठी घडले त्याने तेच करावे" हा न्याय आपल्या समाजात लाकडापाशी थांबलेला नाही. तो माणसांना लावला गेला. कोणी कातडे कमवावे, कोणी विहिरीपासून दूर उभे राहावे, कोणी चुलीपुढचा उंबरा ओलांडू नये, हे सांगताना हीच भाषा वापरली गेली: तुझी घडणच त्यासाठी आहे. वस्तूंच्या बाबतीत हा न्याय निरुपद्रवी वाटतो, म्हणून तो तिथे आपण सहज बोलून जातो; आणि तिथे तोंडवळणी पडलेली भाषा पुढे माणसांकडे वळते. त्याच्या उलट टोकाचा न्यायही माणसांना लावला जातो. हाताशी आलेल्याला वाटेल तसे वापरावे, मोडला तर दुसरा आणावा, हा विचार आज कामाच्या ठिकाणी कमी दिसत नाही. पेटीला स्वतःचा हेतू नसतो, म्हणून तिला नवा हेतू देता येतो. माणसाला तो असतो, म्हणून त्याला विचारावे लागते. हा भेद ज्याच्या मनात पक्का आहे, त्याने खुशाल की-बोर्डच्या पेटीतून गिटार वाजवावी.

शेवटी एक गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्यांपुरती. आपल्या घरांत मुले एका भाषेत हट्ट करतात आणि दुसऱ्या भाषेत गणित शिकतात. बाजारात एक, देवघरात दुसरी, कचेरीत तिसरी. वडीलधाऱ्यांना रुखरुख असते, की यात पोरांचा स्वतःचा आवाज कुठला? ती रुखरुख खोटी नाही. परक्या भाषेच्या पेटीतून बोलताना आपले काही उंच स्वर मरतात, हे आपण अनुभवतो. एखादा "अगं बाई" किंवा "असू दे हो" पलीकडे पोचतच नाही. पण हेही आपण पाहिले आहे, की त्या दुसऱ्या पेटीतून बोलताना आपली काही सैल वाक्ये आपल्यालाच प्रथम ऐकू आली, घरच्या प्रेमळ भाषेने पदराखाली घेतलेली. मुलाने कुठल्या पेटीतून बोलावे हे ठरवणे आपल्या हातात फारसे नाही. त्या पेटीचा स्वभाव त्याने ओळखावा, दुसऱ्याचा स्वर बुडवू नये आणि आपला कुठला स्वर तिच्यात क्षीण होतो याची जाण ठेवावी, एवढे मात्र त्याला शिकवता येईल. तो क्षीण होणारा स्वर सांभाळायला मध्ये एखादी छोटी डबी लागते. ती घरातच मिळते, आणि ती बसवायचे काम घरच्यांचेच असते.